विजनवासाचें बेट : सेंट हेलेना

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत कांहीं वाक्यें अशीं असतात कीं, तीं पाठ करावयास फार सोपीं जातात. आणि म्हणूनच त्यांच्याविषयीं कोणी फारसा विचार करीत नाहीं. “वॉटर्लूच्या लढाईनंतर नेपोलियन यास सेंट हेलेना बेटावर ठेवण्यांत आलें व तेथेंच तो सन १८२१ मध्यें मरण पावला,” हें त्यांपैकींच एक वाक्य होय. आमच्या वर्गांत दरवर्षीं तें पन्नास-साठ वह्यांत उतरतें आणि परीक्षेंत जसेंच्या तसें परत येतें. एके दिवशीं मात्र मागल्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, त्या बेटावर एकटा नेपोलियनच राहत होता काय ?” वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. परंतु उत्तर द्यावयास तोंड उघडलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या एका वाक्यापलीकडे त्या बेटाची माहिती आम्हांसही फारशी नव्हती. “पुढें सांगूं,” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. तें देणें ह्या लेखांत फेडावयाचें आहे.

प्रत्यक्ष त्या बेटावर जाण्याचा योग आम्हांस आलेला नाहीं, हें प्रथमच सांगितलेलें बरें. परंतु नकाशा, इतिहासग्रंथ आणि तेथें राहून गेलेल्या लोकांच्या आठवणी यांच्या साहाय्यानें घरबसल्याही एक प्रवास करतां येतो, आणि त्यास तिकीट लागत नाहीं. तर विद्यार्थिमित्रहो, नकाशा उघडा. आफ्रिका खंडाच्या पश्चिमेस दक्षिण अटलांटिक महासागर पसरलेला आहे. त्यांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें १६ अंशांवर बोट ठेवा. तेथें एक ठिपका दिसेल. पुष्कळ नकाशांत तर ठिपक्यापेक्षां त्याचें नांवच मोठें छापलेलें असतें. तेंच सेंट हेलेना. लांबी सुमारें १६ किलोमीटर, रुंदी सुमारें ८, आणि क्षेत्रफळ अवघें १२२ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा तेथून १,९०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. शेजारी म्हणावें असें असेन्शन नांवाचें बेट, तेंही सुमारें १,३०० किलोमीटरांवर. समुद्राच्या तळापासून उठलेल्या ज्वालामुखीचा हा माथा आहे. म्हणून चहूंबाजूंनीं काळेकभिन्न उभे कडे, आणि आंत मात्र हिरव्या टेंकड्या. त्यांतील सर्वांत उंच शिखर सुमारें ८२० मीटरांचें.

इतक्या एकाकी बेटाचा हिंदुस्थानाशीं काय संबंध, असें कोणासही वाटेल. तो संबंध वाऱ्यानें जोडला आहे. भूगोलांत तुम्ही व्यापारी वारे शिकलां आहांत. दक्षिण अटलांटिकमध्यें हे वारे आग्नेयेकडून वायव्येकडे सतत वाहत असतात. हिंदुस्थानाहून निघालेलें शिडाचें जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून आलें, कीं हे वारे तें जणूं हातीं धरून थेट ह्या बेटापाशीं आणून सोडीत. उलट युरोपाहून इकडे येणारीं जहाजें ब्राझिलच्या बाजूनें लांबचा फेरा घेत. त्यांस हें बेट दिसतही नसे. सारांश, हें बेट परतीच्या वाटेवरचें होतें. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोव्हा यास तें सांपडलें सन १५०२ मध्यें, तेंही हिंदुस्थानांतून परततांनाच. बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. झाडी होती व गोडें पाणी होतें. सन १६५९ मध्यें इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें ठाणें घातलें, आणि पुढें दोनशें वर्षें मुंबई, मद्रास व कलकत्ता येथून स्वदेशीं निघालेल्या जहाजांनीं तेथें पाणी भरून घेतलें. सन १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला आणि ह्या विसाव्याची कोणास गरज उरली नाहीं.

बेटाचें एकुलतें एक शहर जेम्सटाउन. तें दोन उभ्या डोंगरांमधील चिंचोळ्या दरींत बसविलेलें आहे. शहराच्या एका अंगास डोंगराच्या माथ्यापर्यंत सरळ चढत गेलेला दगडी जिना दिसतो; त्याच्या ६९९ पायऱ्या आहेत. सन १८२९ मध्यें वरील किल्ल्यांत दारूगोळा चढविण्यासाठीं व शहरांतील खत वर नेण्यासाठीं येथें रूळ घालून गाडे ओढीत असत. पुढें रूळ गेले, पायऱ्या राहिल्या. धूमकेतूमुळें ज्याचें नांव तुम्हांस ठाऊक आहे तो एडमंड हॅली अवघ्या विसाव्या वर्षीं, सन १६७७ मध्यें, ह्याच बेटाच्या एका टेंकडीवर दुर्बीण लावून बसला होता व दक्षिणेकडील ३४१ तारे त्यानें नोंदून नेले. ढगांनीं त्यास फार छळलें. परंतु तो आपल्या इच्छेनें आला होता व इच्छेस येईल तेव्हां गेला. आपणांस पाहावयाचे आहेत ते इच्छेविरुद्ध आलेले लोक.

त्यांतला पहिला मनुष्य तर आमच्या शेजारच्या गोमंतकांतून आला होता. फेर्नांव लोपिश हें त्याचें नांव. आल्बुकर्कनें सन १५१० मध्यें आदिलशाहीकडून गोवें घेतलें, त्या वेळच्या पोर्तुगीज शिपायांपैकीं हा एक. आल्बुकर्क पुढें मोहिमेवर दूर गेला असतां लोपिश व त्याचे कांहीं सोबती आदिलशाही सरदार रसूलखान ह्याच्या पक्षास जाऊन मिळाले व त्यांनीं मुसलमानी धर्म स्वीकारला. सन १५१२ मध्यें आल्बुकर्क परतला. त्यानें बाणस्तारीच्या किल्ल्यास वेढा घातला. अखेर रसूलखान शरण आला, परंतु ह्या फितुरांस जिवें मारूं नये अशी अट त्यानें घातली. आल्बुकर्कनें अट अक्षरशः पाळली. जीव घेतला नाहीं. त्यानें त्यांचीं नाकें व कान कापविले, उजवा हात व डाव्या हाताचा अंगठा तोडविला. वचन पाळण्याचा हा प्रकार वाचून मन विषण्ण होतें. फितुरी हा अपराध खरा. परंतु शिक्षेचा हेतु अपराध्यास सुधारण्याचा नसून त्यास जन्मभर चालतें-बोलतें प्रदर्शन करण्याचा होता, हें उघड आहे.

सन १५१५ मध्यें आल्बुकर्क मरण पावल्यावर लोपिश स्वदेशीं जाणाऱ्या जहाजावर चढला. पोर्तुगालांत त्याची बायको-मुलें होतीं असें सांगतात. जहाज पाणी घेण्यास सेंट हेलेना येथें थांबलें, आणि येथें त्याचा धीर सुटला. असें तोंड घेऊन घरीं कसें जावें ? तो उतरून रानांत लपला. खलाशांनीं शोध केला, तो सांपडेना. तेव्हां थोडे बिस्कुट, सुकें मांस, मासळी, मीठ व जुने कपडे किनाऱ्यावर ठेवून जहाज निघून गेलें. चार बोटांच्या एका हातानें त्यानें राहण्यापुरती गुहा खणली. पुढें जहाजें येत, तसा तो लपे. तीं गेल्यावर बाहेर येऊन खलाशांनीं ठेवलेल्या वस्तु उचलून नेई. एकदां एक कोंबडा एका जहाजावरून पाण्यांत पडला व लाटांबरोबर किनाऱ्यास लागला. लोपिशनें त्यास वाचविलें. तो कोंबडा रात्रीं त्याच्या उशाशीं बसे व दिवसा त्याच्या मागें मागें फिरे. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोर्रेया ह्यानें आपल्या बखरींत हा तपशील आवर्जून नोंदविला आहे, आणि आम्हांस तर साऱ्या कथेंत तोच अधिक बोलका वाटतो.

हळूहळू त्या ओसाड दरींत बाग उभी राहिली. येणाऱ्या जहाजांनीं बी-बियाणें ठेवावें, फळझाडांचीं रोपें ठेवावीं, बदकें-कोंबड्या सोडाव्या, आणि लोपिशनें त्यांची निगा राखावी, असा क्रम पडला. ज्या मनुष्यास समाजानें अवयव तोडून बाहेर घालविलें, त्याच्याच हातच्या फळांवर समाजाचीं जहाजें तेथें ताजींतवानीं होऊं लागलीं. त्याची कीर्ति लिस्बनपर्यंत गेली. राजानें त्यास बोलावून घेतलें. तो रोमलाही जाऊन आला व पोपनें त्याचें पापक्षालन केलें. हवें तेथें राहण्याची आतां मुभा होती. त्यानें मागितलें काय ? तर परत सेंट हेलेना. तेथेंच सन १५४५ च्या सुमारास तो वारला.

आतां जेम्सटाउनहून दरीच्या वरल्या अंगास चढूं. सुमारें दोन किलोमीटरांवर ‘द ब्रायर्स’ नांवाची जागा लागते. सन १८०५ मध्यें हिंदुस्थानांतून परत जाणारा एक इंग्रज सेनापति येथें उतरला होता. त्याचें नांव आर्थर वेलस्ली. दोनच वर्षांपूर्वीं, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, त्यानें आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला होता. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व ह्यानेंच १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा मोड केला. आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत पराभूत नेपोलियन येऊन राहिला तोही ह्याच जागेंत. वेलिंग्टन त्या वेळीं पॅरिसमध्यें नेपोलियनच्याच एका राजवाड्यांत मुक्काम करून होता. सन १८१६ मध्यें बेटावरील एका आरमारी अधिकाऱ्यास पाठविलेल्या पत्रांत, आपणांस त्याचें घर मानवलें आहे, त्यास आपली जागा मानवते ना, अशी चवकशी करावयास तो विसरला नाहीं. जेत्याची ही थट्टा आम्हांस फारशी शोभिवंत वाटत नाहीं.

नेपोलियन बेटावर कैदी म्हणून उतरला तेव्हां ४६ वर्षांचा होता. त्याच्या तरुणपणच्या भूगोलाच्या एका वहींत शेवटची नोंद सेंट हेलेना ह्या लहानशा बेटाची आहे, आणि तेथेंच ती वही थांबते. त्याच्यासाठीं नेमलेलें घर तयार व्हावयाचें होतें म्हणून तो सुमारें दोन महिने ब्रायर्स येथें बाल्कम नांवाच्या इंग्रज कुटुंबाजवळच्या एका लहान बंगलींत राहिला. कुटुंबांतील धाकटी मुलगी बेट्सी तेरा-चौदा वर्षांची असून तिला फ्रेंच बोलतां येत असे. साऱ्या युरोपास ज्याची धास्ती होती, त्याच्याशीं ही मुलगी आंधळी कोशिंबीर खेळली, भांडली, आणि त्याच्या चुकीच्या इंग्रजी उच्चारांस हंसली. पुढें सन १८४४ मध्यें तिनें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या.

त्या आठवणींत टोबी नांवाचा एक म्हातारा माळी येतो. हा मलायी गुलाम. कोणे एके काळीं त्यास आपल्या देशांतून जहाजावर नेऊन विकण्यांत आलें, तो हजारों कोस दूर ह्या बेटावर बाल्कम यांच्या बागेंत फळझाडें राखीत होता. नेपोलियन बागेंत फिरतांना त्याच्यापाशीं थांबे, दुभाष्यामार्फत त्याच्या घरची हकीकत विचारी. ह्या मनुष्यास विकत घेऊन मुक्त करावें अशी इच्छा नेपोलियननें प्रगट केली. पण सरकारी परवानगी मिळाली नाहीं. टोबी गुलामच राहिला. आतां हेंही सांगितलें पाहिजे कीं, ह्याच नेपोलियननें सन १८०२ मध्यें फ्रान्सच्या वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर ठेवण्याचा हुकूम केला होता. सत्तेच्या शिखरावर असतां लाखों टोबी त्यास दिसले नाहींत. बागेंत समोरासमोर उभा असलेला एक मात्र दिसला. एकाच कुंपणाच्या आंत दोन निर्वासित होते. एकाच्या प्रत्येक दिवसाची नोंद चार-पांच जण लिहून ठेवीत होते. दुसऱ्याची हकीकत आपणांस कळते ती त्या पहिल्यामुळें.

डिसेंबर १८१५ मध्यें नेपोलियनला लाँगवुड येथें नेलें. ही जागा बेटाच्या पूर्व भागांत उंच पठारावर असून तेथें वारा, धुकें व ओल यांचें राज्य असे. भिंतींस बुरशी येई आणि उंदीर तर इतके, कीं सर्वांच्या आठवणींत त्यांचा उल्लेख सांपडतो. पठार उघडें असल्यामुळें पहाऱ्यास मात्र सोयीचें. दिवसांतून दोन वेळां एका अधिकाऱ्यानें कैदी जागेवर आहे अशी खात्री करून घ्यावी असा नियम होता. बेटाभोंवतीं लढाऊ गलबतें घिरट्या घालीत. सुटकेचा प्रयत्न तेथून होऊं नये म्हणून दूरच्या असेन्शन बेटावरही इंग्रजांनीं ठाणें बसविलें.

सन १८१६ च्या एप्रिलमध्यें सर हडसन लो हा गव्हर्नर म्हणून आला. त्याची व नेपोलियनची गांठ उण्यापुऱ्या सहा वेळां पडली. त्याच वर्षीच्या ऑगस्टनंतर दोघे कधींही भेटले नाहींत. भांडण मुख्यतः एका शब्दाचें. नेपोलियन म्हणे, मला सम्राट म्हणा. इंग्रज सरकार म्हणे, तुम्ही ‘जनरल बोनापार्ट’. सम्राट असा उल्लेख करून कोणी पाठविलेलें पुस्तकही लोनें पुढें जाऊं दिलें नाहीं. पहारेकऱ्यांनीं पाहूं नये म्हणून नेपोलियन दिवसचे दिवस घराबाहेर पडत नसे. खिडकीच्या झडपेस भोंक पाडून त्यांतून दुर्बिणीनें बाहेर पाही. पुढें त्यानें घराभोंवतीं बाग करावयास घेतली, तीही अशी कीं वाटा जमिनीच्या पातळीखालीं खोदलेल्या, म्हणजे फिरणारा दुरून दिसूं नये. कंपनीनें आणलेले चिनी मजूर त्या कामावर असत. फ्रेंच लेखकांनीं लो यास क्रूर तुरुंगाधिकारी म्हणून रंगविलें आहे, आणि तो संशयी व कोत्या मनाचा होता ह्यांत शंका नाहीं. तथापि सन १८१८ च्या नाताळापासून बेटावरील गुलामांच्या पोटीं जन्मणारें प्रत्येक मूल स्वतंत्र समजलें जावें, हा ठराव त्याच्याच कारकीर्दींतला व त्याच्याच पुढाकारानें झालेला. नेपोलियनच्या चरित्रांत ही गोष्ट सहसा वाचावयास मिळत नाहीं.

५ मे १८२१ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, नेपोलियन वारला. जवळच एका शांत दरींत एक झरा आहे. त्याचें पाणी त्यास आवडे व तें रोज त्याच्यासाठीं आणीत. तेथें वाळुंजाच्या झाडांखालीं त्यास पुरलें. थडग्यावर काय कोरावें ह्यावरून पुन्हां तोच वाद उपस्थित झाला. फ्रेंच मंडळी म्हणाली, नुसतें ‘नेपोलियन’. लो म्हणाला, पुढें ‘बोनापार्ट’ हवें. एकमत झालें नाहीं. शेवटीं कांहींच न कोरतां कोरी शिळा बसविली. एकोणीस वर्षांनीं, ऑक्टोबर १८४० मध्यें, फ्रान्सच्या राजपुत्राच्या देखरेखीखालीं शव उकरून युद्धनौकेंतून नेण्यांत आलें आणि डिसेंबरांत पॅरिस येथें मोठ्या समारंभानें त्याची स्थापना झाली. रिकामें थडगें व लाँगवुडचें घर सन १८५८ मध्यें फ्रेंच सरकारनें विकत घेतलें, तें आजही त्याच्याकडे आहे. प्रवासी जातात ते बहुधा हीं दोन स्थळें पाहावयास, आणि बहुतेक तेवढेंच पाहून परत फिरतात.

आपण तसें करूं नये. लाँगवुडच्या लगतच डेडवुड नांवाचें गवताळ माळरान आहे. सन १९०० च्या एप्रिलपासून येथें तंबूंचें एक शहर वसलें होतें. दक्षिण आफ्रिकेंतील युद्धांत इंग्रजांनीं पकडलेले बोअर लोक येथें ठेवले होते. त्यांत सेनापति क्रोन्ये सपत्नीक होता. युद्ध संपलें तोंवर त्यांची संख्या पांच हजारांच्या वर गेली होती, म्हणजे आज साऱ्या बेटाची जी वस्ती आहे, तिच्याहूनही अधिक. बहुतेक शेतकरी, कांहीं पांढऱ्या दाढीचे आजोबा, कांहीं तुमच्याएवढे मुलगे. वेळ जाईना म्हणून ते लांकडाच्या व हाडांच्या शोभिवंत वस्तु कोरीत व विकीत. एका पठ्ठ्यानें तर अशाच वस्तूंचें म्हणून एक खोकें तयार केलें, आंत स्वतःच बसला व इंग्लंडास जाणाऱ्या जहाजावर चढला ! वाटेंत तो उघडकीस आला व असेन्शनहून परत पाठविला गेला. सुमारें १८० बोअर घरीं परतलेच नाहींत. बेटाच्या डोंगराळ भागांत त्यांच्या थडग्यांच्या रांगा आहेत व स्मारकावर त्यांचीं नांवें आहेत.

त्यांच्यापूर्वीं सन १८९० मध्यें झुलू लोकांचा तरुण राजा दिनुझुलू, आपल्या दोघां चुलत्यांसह, येथें आणला गेला. तो येथें लिहावयास-वाचावयास शिकला. त्याचा मुलगा सॉलोमन, जो पुढें झुलूंचा प्रमुख झाला, तो ह्याच बेटावर जन्मला. सन १८९७ च्या अखेरीस त्यांस परत जाऊं दिलें. आणि ही रीत जुन्या काळाबरोबर संपली असें समजूं नका. सन १९५७ मध्यें बाहरीनच्या तीन राजकीय पुढाऱ्यांस येथें आणून कोंडलें होतें; सन १९६१ मध्यें न्यायालयानें ती कैद बेकायदा ठरविली, तेव्हां ते सुटले.

आतां परतीच्या वाटेवर एक दरी राहिली. जेम्सटाउनच्या शेजारची, डोंगराच्या पलीकडची, रूपर्टची दरी. रूक्ष, दगडाळ, झाडें नसलेली. सन १८४० मध्यें, ज्या वर्षीं नेपोलियनचें शव तोफांच्या सलामींत बाहेर निघालें त्याच वर्षीं, इंग्रज सरकारनें ह्या बेटावर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक न्यायालय स्थापिलें. आफ्रिकेंतून माणसें पकडून ब्राझिलकडे व क्यूबाकडे नेणारीं जहाजें इंग्रज आरमार अटलांटिकमध्यें अडवी व येथें आणी. पुढील सुमारें तीस वर्षांत अशा रीतीनें पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकी स्त्रिया, पुरुष व मुलें सेंट हेलेना येथें उतरविण्यांत आलीं. कायद्यानें तीं मुक्त होतीं. परंतु जहाजाच्या तळघरांत आठवडेच्या आठवडे दाटीवाटीनें, उपाशी व आजारी काढलेले हे जीव किनाऱ्यास लागतांच दगावूं लागले. रूपर्टच्या दरींत तंबू व पडव्या होत्या, औषधोपचार होता, पण तो पुरेसा नव्हता. सुमारें आठ हजार लोक येथेंच मेले व येथेंच उथळ खड्ड्यांत पुरले गेले. जे वांचले त्यांस बहुतांशीं वेस्ट इंडीज बेटांकडे मजुरीस पाठविलें. थोडे येथेंच राहिले. घरीं परत असें जवळजवळ कोणीच गेलें नाहीं, कारण घर कोठें, हें विचारण्याची व तेथवर पोंचविण्याची सोय कोणाजवळ नव्हती.

पकडलेलीं जहाजें मोडून त्यांचें लांकूड बेटावर वापरीत असत. त्या लांकडांतून वाळवी उतरली, व थोड्याच वर्षांत तिनें जेम्सटाउनमधील घरांचे वांसे व ग्रंथालयांतील पुस्तकें पोंखरून टाकलीं. बेटावरील जुन्या लोकांस त्या काळची वाळवी पुष्कळ दिवस आठवत होती. दरींतील माणसें मात्र विस्मरणांत गेलीं.

तीं पुन्हां वर आलीं तीं विमानतळामुळें. अनेक वर्षें ह्या बेटाचा जगाशीं संबंध केप टाउनहून येणाऱ्या एका टपाली जहाजावर अवलंबून असे. विमानतळ बांधावयाचें ठरलें तेव्हां बंदरापासून वर जाणारा रस्ता रूपर्टच्या दरींतून न्यावा लागणार होता. म्हणून सन २००८ मध्यें पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं त्या पट्ट्यांत उत्खनन केलें व ३२५ मनुष्यांचे सांगाडे काळजीपूर्वक बाहेर काढले. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. कांहींच्या अंगावर मण्यांच्या माळा व बांगड्या अजून होत्या. सर्वस्व हिरावून घेतलें गेलें तरी एवढें त्यांनीं कसेंबसें जपलें होतें. कित्येकांचे दांत आपापल्या जमातीच्या रिवाजाप्रमाणें घांसलेले होते. त्या खुणेवरून अमुक एक मनुष्य आफ्रिकेच्या कोणत्या भागांतला असावा, एवढा तर्क करतां येतो. नांव कळत नाहीं. हे अवशेष जेम्सटाउनमधील एका कोठारांत चौदा वर्षें पडून राहिले. मध्यंतरीं, १४ ऑक्टोबर २०१७ रोजीं, जोहान्सबर्गहून पहिलें प्रवासी विमान नेमानें येऊं लागलें. शेवटीं सन २०२२ मध्यें बेटावरील लोकांनीं त्या ३२५ जणांस रूपर्टच्या दरींत पुन्हां भूमीच्या स्वाधीन केलें. त्या बेटकरांच्या रक्तांत युरोपियन वसाहतवाले, आफ्रिकी व मलायी गुलाम आणि चिनी मजूर हे सर्वच मिसळलेले आहेत. तेव्हां त्यांनीं कोणास परकें समजून पुरलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ही सर्व माहिती जुळल्यावर आम्हीं तो तास पुन्हां घेतला. मागल्या बांकावरील त्या विद्यार्थ्यास फळ्याजवळ बोलाविलें व त्याच्या हातीं खडू देऊन, आम्ही सांगूं तीं नांवें लिहावयास सांगितलीं. फेर्नांव लोपिश. टोबी. नेपोलियन. दिनुझुलू व त्याचे दोघे चुलते. क्रोन्ये. बोअर कैद्यांपाशीं त्यानें ‘पांच हजारांहून अधिक’ असें लिहिलें. रूपर्टच्या दरीपाशीं आल्यावर तो आमच्याकडे पाहत थांबला. आम्हीं सांगितलें, “आकडा लिही.” त्यानें ८,००० लिहिले, आणि खालीं थोडी जागा मोकळी ठेवून तो बांकावर जाऊन बसला.